जोडाक्षरांची संहिता : एका फाइलीचे वाचन

मराठी लेखनाचे नियम कोठे असतात, या प्रश्नाला आपल्याकडे ठरलेली उत्तरे आहेत. ते दादोबा पांडुरंगांच्या १८३६ सालच्या व्याकरणात असतात, मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त असतात, साहित्य महामंडळाने तयार केलेल्या आणि शासनाने १९६२ साली मान्य केलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांत असतात, आणि वेळोवेळी निघणाऱ्या शासन निर्णयांत असतात. आमचे म्हणणे असे, की या यादीत आता आणखी एका जागेची भर घातली पाहिजे. ती जागा म्हणजे नावाच्या शेवटी 'डॉट एफ-ई-ए' ही अक्षरे असलेली, साध्या मजकुराची एक फाइल. फॉन्ट घडविणारे कारागीर तिला 'फीचर फाइल' म्हणतात. मराठीच्या अध्यापकांपैकी फार थोड्यांनी ती उघडून पाहिली असेल. ती उघडून पाहावी, एवढेच नव्हे तर मराठीच्या विभागांनी ती वाचावयास शिकावी, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

फॉन्ट म्हणजे अक्षरांच्या चित्रांचा संच, अशी सर्वसाधारण समजूत असते. रोमन लिपीपुरती ती बरीचशी खरी आहे. देवनागरीचे तसे नाही. आपण 'क्ष' लिहितो तेव्हा संगणकाच्या स्मृतीत 'क्ष' नावाचे काही साठविले जात नाही. युनिकोडच्या संकेतानुसार तेथे तीन घटक ओळीने ठेवले जातात : क, हलन्ताचे चिन्ह आणि ष. पडद्यावर मात्र आपल्याला एकच आकृती दिसते. मग हे तीन घटक एकत्र कोणी आणले? हे काम दोघे मिळून करतात. पहिला असतो तो मजकूर मांडणारा कार्यक्रम. अक्षरगट कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी कशी न्यायची, रफार शेवटी कसा न्यायचा, हे तो पाहतो. दुसरा असतो खुद्द फॉन्ट. कोणते घटक एकत्र आल्यावर कोणती आकृती काढावयाची याचे कोष्टक त्याच्या पोटात असते. ते कोष्टक यंत्राच्या भाषेत असल्याने माणसाला वाचता येत नाही. माणूस ज्या भाषेत ते लिहितो तिचे लेखन या 'डॉट एफ-ई-ए' फाइलीत असते.

ही भाषा ॲडोबी कंपनीने ओपनटाइप या फॉन्ट-रचनेसाठी घडविली. तिची साधने २०१४ पासून सर्वांना मुक्तपणे उपलब्ध आहेत. प्रोग्रामिंगची भाषा म्हटले की जे चित्र डोळ्यांसमोर येते त्याच्याशी हिचे फारसे साम्य नाही. या भाषेत बँकेचा हिशेब मांडता येत नाही की खेळ रचता येत नाही. तिला मुख्यतः दोनच गोष्टी सांगता येतात : याच्या जागी ते घ्या, आणि हे तेथे बसवा. पहिल्या प्रकारच्या आज्ञेला 'सब' म्हणजे आदेशाची आज्ञा म्हणतात, दुसऱ्या प्रकारच्या आज्ञेला 'पॉस' म्हणजे स्थाननिश्चितीची. मूळ रोमन अक्षरांतला एक नियम देवनागरीत उतरविला तर तो असा दिसेल :

फीचर हाफ {
सब क हलन्त बाय क-अर्ध;
सब ख हलन्त बाय ख-अर्ध;
} हाफ;

अर्थ सरळ आहे. 'हाफ' नावाच्या प्रकरणात असे सांगितले आहे, की क आणि त्यापुढे हलन्त आला तर त्या दोघांच्या जागी अर्ध्या क-ची आकृती घ्यावी, ख-चेही तसेच. महिरपी कंसात प्रकरण, अर्धविरामाने संपणारे सूत्र, आणि '#' या चिन्हानंतर येणारी टीप. इतके कळले की निम्मी फाइल कळली. प्रकरणांची नावे तर आपल्या ओळखीचीच आहेत. क्ष आणि ज्ञ यांच्यासाठीचे प्रकरण 'अखंड' या नावाने आहे, रफाराचे 'रेफ' या नावाने, नुक्त्याचे 'नुक्ता' या नावाने. रोमन चार अक्षरांत कोंबल्यामुळे ती लगेच ओळखू येत नाहीत, इतकेच. 'अखंड' हा शब्द तर खिळ्यांच्या काळापासूनचा. मात्रा, वेलांटीसह एकसंध ओतलेल्या खिळ्याला मुंबईच्या टंककारखान्यांत अखंड म्हणत. विसंगती एवढीच, की देवनागरीचे सारे नियम सांगणाऱ्या या फाइलीच्या सूत्रांत देवनागरीचे एकही अक्षर नसते. आकृत्यांची नावे रोमनमध्येच द्यावी लागतात.

मराठी-संस्कृतच्या माणसाला येथे एक जुनी ओळख पटते. पाणिनीच्या पद्धतीत एका घटकाच्या जागी दुसरा घटक येतो. जो जातो तो स्थानी, जो येतो तो आदेश. कशाच्या पुढे आणि कशाच्या मागे, हे विभक्तीने सांगितलेले असते. फीचर फाइलीतही स्थानी आहे, आदेश आहे, आणि मागचा-पुढचा संदर्भही आहे. विभक्तीचे काम येथे घटकांच्या क्रमाने आणि एका लहानशा खुणेने होते. नियमांच्या क्रमाचे महत्त्वही तसेच. 'अखंड' हे प्रकरण 'हाफ'च्या आधी लागते. ते नंतर लागले असते तर क आणि हलन्त यांचा अर्धा क आधीच होऊन गेला असता, आणि 'क्ष' ही आकृती कधीच सिद्ध झाली नसती. अर्ध्या क-शेजारी ष उभा राहिला असता. विशेष नियम आधी आणि सामान्य नियम नंतर, हा विचार आपल्याकडच्या व्याकरणपरंपरेला नवा नाही. मात्र साम्याला मर्यादा आहे. पाणिनीचे नियम ध्वनींविषयी आणि पदांविषयी बोलतात, हे नियम केवळ आकृतींविषयी. शिवाय पाणिनीच्या शास्त्रात अपवाद हा उत्सर्गाला बाधतो तो बहुधा क्रमाच्या बळावर नव्हे. येथे मात्र क्रम हेच सर्वस्व.

हे साम्य सांगताना एका सोप्या मोहापासून दूर राहिले पाहिजे. रिक ब्रिग्ज यांनी १९८५ साली 'एआय मॅगझिन'मध्ये संस्कृत आणि ज्ञानाची मांडणी यांविषयी एक लेख लिहिला. त्याचे प्रतिपादन शास्त्रीय संस्कृतातील वाक्यार्थविश्लेषणापुरते होते. आपल्याकडे त्याचे रूपांतर 'संस्कृत ही संगणकाला सर्वांत योग्य भाषा' या घोषवाक्यात झाले, आणि ते आजही भाषणांतून ऐकू येते. घोषवाक्याने अभिमान सुखावतो. 'कऱ्हाड' हा शब्द मात्र त्याने नीट उमटत नाही. तो उमटण्यासाठी कोणीतरी एक ओळ लिहावी लागते. ती ओळ कोणी लिहिली आणि कोणाला विचारून लिहिली, हा आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे.

या ओळी ज्या फाइलीत सर्वांना वाचता येतात तिचे एक उदाहरण पुण्यात घडलेले आहे. 'लोहित' या मुक्त फॉन्टसमूहाचा आरंभ पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या टंकांपासून झाला. रेड हॅट कंपनीने तो मुक्त परवान्याखाली लोकांपुढे आणला आणि २०११ मध्ये त्याचा परवाना अधिक सैल केला. पुढे 'लोहित-२' या उपक्रमात जुनी, दुरुस्तीला अवघड झालेली कोष्टके बाजूला ठेवून देवनागरीचे नियम फीचर फाइलीच्या भाषेत नव्याने लिहिण्यात आले, ते अशासाठी, की दुसऱ्या कोणालाही ते उचलून आपल्या फॉन्टला लावता यावेत. आमच्या लेखी यात आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. आरंभी 'लोहित हिंदी' आणि 'लोहित मराठी' असे वेगवेगळे फॉन्ट होते. पुढे त्यांचा एकच 'लोहित देवनागरी' झाला. तांत्रिकदृष्ट्या निर्णय योग्यच होता. नव्वद टक्के सारखी असलेली दोन घरे वेगळी राखण्यात कष्ट वाया जातात. पण त्यामुळे मराठीचे वेगळेपण स्वतंत्र फॉन्टातून निघून एका सामाईक फाइलीच्या भाषावार कलमात आले. ते कलम सुरू होते 'लँग्वेज' या शब्दाने आणि 'एम-ए-आर' या तीन अक्षरांनी. एखाद्या सामाईक फॉन्टात मराठीचे जे काही आपले म्हणून असेल ते या कलमात असते. कलम रिकामे असेल तर काही नसते.

त्या कलमात काय असावयास हवे, हे आम्ही आमच्या वस्तीच्या नावावरूनच सांगतो. 'अँटॉप हिल' हे नाव वडाळा आणि शीव यांच्या मधल्या टापूचे. मोनोरेलच्या २०१९ साली सुरू झालेल्या टप्प्यात ते स्थानकाचेही नाव झाले, आणि योगायोग असा, की त्याच्या शेजारचे स्थानक आचार्य अत्रे यांच्या नावाचे आहे. या नावाचे पहिले आणि शेवटचे अक्षर घेतले तरी मराठीचे दोन प्रश्न हाती येतात.

पहिले अक्षर 'अँ'. मराठी कानाला हा ॲ आणि त्यावर अनुस्वार असा उच्चार आहे. पण ॅ आणि ं एकावर एक ठेवले की दिसते ते हुबेहूब चंद्रबिंदूसारखे, आणि चंद्रबिंदूला युनिकोडमध्ये स्वतःचा वेगळा क्रमांक आहे. हिंदीत तो अनुनासिकाचे चिन्ह आहे. मराठीत 'बँक', 'अँटॉप' लिहिताना बहुतेक जण तोच टंकित करतात, काही जण ॅ आणि ं अशी दोन चिन्हे देतात. त्यातच मराठी ॲ-ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली ती थेट २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. तोवर कोणी अ आणि ॅ जोडून लिहीत होते, कोणी हिंदीतला 'ऍ' वापरीत होते. परिणामी एकाच वस्तीचे नाव डोळ्यांना सारखे आणि यंत्राला निरनिराळे अशा तीन-चार प्रकारांनी नोंदले गेले. एका प्रकाराने शोध घेतला तर दुसऱ्या प्रकाराने लिहिलेली नोंद सापडतेच असे नाही. ॅ आणि ं यांची टक्कर न होऊ देता त्यांची सुबक आकृती करणे हे फीचर फाइलीचे काम. ते तिने केले की फरक डोळ्यांआड होतो. म्हणजे चांगला फॉन्टच येथे लेखनातील भेद झाकतो. मग लिहावयाचे कोणत्या प्रकाराने, हे फॉन्टकाराने सांगावे अशी अपेक्षा करता येत नाही. ते मराठीच्या जाणकारांनी ठरवून सांगितले पाहिजे.

शेवटचे अक्षर 'ल'. मराठी ल पाकळ्यांचा, हिंदी ल दांडीला टेकलेला. मराठी श देठाचा, हिंदी श गाठीचा. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही ल-ना एकच क्रमांक आहे आणि दोन्ही श-नाही एकच. ते योग्यही आहे, कारण अक्षर एकच, वळणे दोन. वळणाचा निर्णय फॉन्टाने करावयाचा, आणि तो 'मराठी' या कलमाखाली लिहावयाचा : मजकूर मराठी असेल तर या ल-च्या जागी तो ल घ्या. आमच्या परिसरात केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची मोठी वसाहत आहे. हिंदी फलक आणि महापालिकेचे मराठी फलक येथे शेजारी-शेजारी असतात. 'लालबाग' आणि 'शीव' ही नावे ज्या शहरात रोज लिहिली जातात तेथे हा भेद केवळ हौसेचा नव्हे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला व अक्षरांची वळणे निश्चित केली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सुधारित निर्णयाने पाकळीयुक्त ल व देठयुक्त श यांचा आग्रह पुन्हा धरला. पण हा निर्णय अमलात येण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. फॉन्टात मराठी वळणाची चित्रे असली पाहिजेत. फीचर फाइलीत मराठीचे कलम असले पाहिजे. आणि मजकुरावर 'हा मराठी आहे' अशी चिठ्ठी असली पाहिजे. तिसरी गोष्ट बहुधा राहून जाते. संकेतस्थळ रचणारा भाषा नोंदवीत नाही, कार्यालयात टंकलेखन करणाऱ्याला भाषा नोंदवावयाची असते हे ठाऊक नसते. मग कलम असूनही निद्रिस्त राहते आणि मराठी मजकूर हिंदी वळणाने छापला जातो. दोष फॉन्टाला दिला जातो, आणि फाइल कोणी वाचलेली नसल्याने तो दोष त्याचा नाही हे कोणाला सांगता येत नाही.

तिसरा प्रश्न आमच्या वस्तीच्या नावात नाही, पण मराठीच्या नकाशावर जागोजागी आहे. तो अर्ध्या र-चा. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतला फरक तर शाळकरी मुलालाही माहीत असतो. एकात रफार आहे आणि दुसऱ्यात आडवा अर्धा र. हिंदीला या दुसऱ्या र-ची गरज पडत नाही. म्हणून ज्याने केवळ हिंदी डोळ्यांसमोर ठेवून फाइल लिहिली त्याच्याकडून ही ओळ सुटण्याचा संभव असतो. ती सुटली की कऱ्हाड, वऱ्हाड, बऱ्हाणपूर ही गावे मोडतात, आणि गोऱ्हे, कुऱ्हाडे, बऱ्हाटे ही माणसेही. शिवाय येथेही लिहिण्याचे दोन मार्ग आहेत. एक नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दुसरा साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह. चांगली फाइल दोन्हींतून एकच आकृती काढते. यंत्राच्या शोधाला मात्र ती दोन वेगळी नावे. एकाच आडनावाच्या बापलेकांची नोंद अशा दोन प्रकारांनी झाली तर कागदावर कोणाला काही खटकणार नाही. यादीत नाव सापडले नाही म्हणजेच ते उमगेल, आणि कारण तेव्हाही उमगणार नाही.

यावर आमच्या व्यवसायबंधूंकडून येणारा आक्षेप आम्हांला ठाऊक आहे. हे अभियंत्यांचे काम. आपण कविता शिकवावी, भाषेचा इतिहास शिकवावा. आमच्या मते या आक्षेपात श्रमविभागणीची चूक आहे. नियम कसा लिहावा हे अभियंत्याला कळते. कोणता नियम लिहावा हे त्याला दुसऱ्या कोणीतरी सांगावे लागते. ते सांगणारा नसेल तर तो स्वतःच्या समजुतीने ठरवितो, किंवा हिंदीचा नियम मराठीलाही लावतो, आणि त्याला दोष देण्याचा आपल्याला अधिकार राहत नाही. 'विद्या' हा शब्द जोडून लिहावा की शालेय पाठ्यपुस्तकांत काही काळ दिसला तसा द-चा पाय मोडून 'विद्‌या' लिहावा, हा वाद आपण मासिकांतून घातला. फाइलीत तो एका ओळीचा प्रश्न आहे. ती ओळ ठेवली तर जोडाक्षर होते, काढली तर पाय मोडतो. वाद घालणाऱ्यांनी ती ओळ पाहिलेली नव्हती, आणि ओळ लिहिणाऱ्यांनी तो वाद ऐकलेला नव्हता.

मुंबईच्या मुद्रणाचा इतिहास यापेक्षा वेगळे काही शिकवितो. गणपत कृष्णाजींपासून जावजी दादाजींच्या निर्णयसागरापर्यंत, देवनागरीचा खिळा घडविणारा कारागीर, तो जुळविणारा जुळारी आणि ग्रंथ शोधून देणारा शास्त्री ही मंडळी एकाच छापखान्याच्या आवारात वावरत. निर्णयसागरच्या संस्कृत ग्रंथांची ख्याती टंकाच्या सुबकपणामुळे होती तशीच पाठाच्या शुद्धतेमुळेही होती. पुढे बापूराव नाईक यांनी 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' हा ग्रंथ सिद्ध केला आणि १९७१ साली भाषा संचालनालयाने तो प्रसिद्ध केला. मुद्रणव्यवहार जाणणाऱ्या माणसाच्या ग्रंथाला भाषेच्या खात्याने आश्रय द्यावा, हे त्या काळी स्वाभाविक वाटत होते. र. कृ. जोशी हे कवी होते, सुलेखनकार होते, पवईच्या आयआयटीत अध्यापक होते, आणि विंडोजमधल्या 'मंगल' या फॉन्टची अक्षरे त्यांच्या हातची. आज मुंबईतच 'एक टाइप' या गटाने 'मुक्त'सारखे फॉन्ट घडवून सर्वांना खुले केले आहेत. कारागिरांची परंपरा खंडित झालेली नाही. तिच्या शेजारची शास्त्र्याची बैठक तेवढी रिकामी आहे, आणि ती भरण्याचे उत्तरदायित्व आमच्यासारख्यांवर येते.

फाइल वाचता न येण्याची किंमत आपण एकदा मोजली आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या दोन दशकांत मराठीतले अपार टंकलेखन अशा फॉन्टांत झाले, ज्यांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे बसविले होते आणि प्रत्येक उत्पादकाची बसवणूक निराळी होती. तो फॉन्ट नसेल तर तो मजकूर म्हणजे निरर्थक रोमन अक्षरांची रांग. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत ठेवले ते समजून-उमजून, आणि तिची उकल झाल्यावर ते वाङ्मय अभ्यासकांना खुले झाले. आपली ही दुसरी सकळ लिपी कोणीही ठरवून केली नव्हती, आणि तिची किल्ली जपून ठेवण्याचेही कोणाच्या मनात आले नाही. कित्येक छोट्या प्रकाशकांच्या जुन्या तबकड्यांतली पुस्तके आज पुन्हा हाताने टंकित करावी लागतात, ती यामुळे. फीचर फाइल ही याच्या उलट वस्तू आहे. ती उघडी आहे, साध्या मजकुरात आहे, आणि मुक्त फॉन्टांच्या बाबतीत कोणालाही उतरवून घेता येते. किल्ली दारालाच लावलेली असताना ती फिरविली नाही तर दोष कोणाचा?

आमची सूचना मोठी नाही. मराठीच्या एम.ए.ला भाषाविज्ञानाची अभ्यासपत्रिका असते; तिच्यात चार-सहा तासांचे एक प्रकरण फीचर फाइलीच्या वाचनाला द्यावे. विद्यार्थ्यांनी एखाद्या मुक्त फॉन्टची फाइल घेऊन तिच्यात मराठीचे कलम आहे का, ल आणि श यांची व्यवस्था आहे का, ऱ्य आणि ऱ्ह यांची ओळ आहे का, ॅ आणि ं एकत्र आले तर काय होते, हे तपासावे आणि जे उणे असेल ते त्या फॉन्टकारांना उदाहरणांसह कळवावे. चाळीस-पन्नास शब्दांची एक कसोटी-यादी मराठीच्या विभागांनी मिळून करावी. आणि शासनाने यापुढे अक्षरवळणाविषयी निर्णय काढला तर त्याच्या परिशिष्टात चित्रांबरोबर ते नियम या भाषेतही द्यावेत, लेखनाचा मान्य प्रकार कोणत्या क्रमांकांनी सिद्ध होतो हेही सांगावे. चित्र पाहून माणूस वळण गिरवितो. यंत्राला ओळच द्यावी लागते. मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, रिद्धपूरला मराठीचे विद्यापीठ झाले. अशा कामाला याहून योग्य जागा आणि वेळ कोणती असेल?

दामल्यांनी व्याकरण लिहिले तेव्हा मराठी कशी लिहिली जाते हे त्यांनी पुस्तकांतून, पत्रांतून, बोलण्यातून शोधले. आज कोणी तसे काम हाती घेतले तर त्याला या फाइलींतूनही शोधावे लागेल, कारण आज लिहिली जाणारी बहुतेक मराठी त्यांच्यातून गाळूनच डोळ्यांपर्यंत पोहोचते. त्यांतले काही नियम विचारपूर्वक लिहिलेले आहेत, काही घाईने, काही हिंदीवरून उचललेले. कोणते कोणत्या वर्गात मोडतात हे सांगण्यास मराठी जाणणारा वाचक हवा.